शांघायमधलं आमचं बिऱ्हाड



आपल्या प्रत्येकाच्या घरात एक गोष्ट तोंडपाठ असते: आपण इथे कधी आणि कोणाबरोबर आलो. आमच्याकडे सांगतात की दमाजीरावांनी १७३४ साली बडोदं घेतलं, त्यांच्या मागोमाग जी कारकून मंडळी आली त्यांत आमचे मूळ पुरुष होते. सनद होती, ती पुरात गेली, वगैरे. पण त्या मूळ पुरुषाच्या बायकोने पहिल्या वर्षी बाजारात वांगी कशी मागितली, मूल तापलं तेव्हा कोणाचं दार ठोठावलं, हे कोणी सांगत नाही. मलाही हा प्रश्न पडला नव्हता. पडला तो वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, शांघायमध्ये.

२००६ च्या सप्टेंबरात बँकेने मला तिथे पाठवलं. आम्ही दोघंच गेलो, मी आणि सौ. आई धाकट्या भावाकडे बडोद्यातच राहिली. निघताना ती म्हणाली, "तिकडे चा तरी मिळतो ना रे?" गंमत म्हणजे चहाला चिनी भाषेत 'चा'च म्हणतात, आपला शब्द तिकडूनच आलेला. न शिकता येणारा तो आमचा पहिला आणि बराच काळ एकुलता एक चिनी शब्द.

पहिला महिना कागदांचा. भाड्याच्या घरात राहायला गेल्यापासून चोवीस तासांच्या आत परदेशी माणसाने भागातल्या पोलीस ठाण्यात नोंद करायची. मग सरकारी दवाखान्यात रक्त, एक्स-रे, हृदयाचा आलेख. मग तीस दिवसांच्या आत पासपोर्टवर निवासाचा परवाना चिकटवून घ्यायचा. घरमालकाने एक महिन्याची अनामत आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं, तेही रोख. त्यांची सर्वांत मोठी नोट शंभर युआनची. टेबलावर गठ्ठे रचले तेव्हा मला रावपुऱ्यातल्या शाखेत कॅशियर असल्यासारखं वाटलं.

बँकेतही नव्याने शिकावं लागलं. तीस वर्षं मी सह्या ताडून पाहण्यात घालवली होती. तिथे सहीला फारसं कोणी विचारत नाही. कंपनीचा लाल गोल शिक्का उमटला पाहिजे. शिक्का ज्याच्या कपाटात, अधिकार त्याचा. सुरुवातीला मी कपाळाला हात लावला. मग आठवलं, आपल्या दरबारी कागदांवर तरी सह्या कुठे असत? वर शिक्का, शेवटी मोर्तब. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण उगाच वापरत नाही.

आकड्यांनी मात्र मला चांगलाच धडा दिला. चिनी मोजणीत लाख नाही, कोटी नाही, मिलियनही नाही. दहा हजारांचा एक 'वान'. दहा वान म्हणजे आपला लाख, हजार वान म्हणजे कोटी. पहिल्याच महिन्यात एका पक्षाने 'पाचशे वान'चं कर्ज मागितलं. पाचशे वान म्हणजे पन्नास लाख. मी घाईत टिपणात पाच कोटी लिहिले. आमच्या कचेरीतल्या सव्वीस वर्षांच्या मुलीने कागद टंकायला घेतला, थांबली, आणि काही न बोलता एका कोपऱ्यात पेन्सिलीने शून्यं मोजून दाखवली. बी.कॉम.च्या पदवीची आणि तीन दशकांच्या अनुभवाची किंमत त्या दिवशी कळली. त्यानंतर मी खिशात एक चिठ्ठी ठेवू लागलो: डावीकडे वान, उजवीकडे लाख.

हे झालं माझं. मला कचेरी होती, दुभाषा होता. सौ. दिवसभर चौदाव्या मजल्यावर एकटी. मजला खरं तर बारावा, पण तिथे 'चार' आणि 'मरण' हे शब्द जवळपास सारखे ऐकू येतात, आणि तेरा इंग्रजांना नको, म्हणून आमच्या इमारतीत चौथा आणि तेरावा मजलाच नव्हता. चौदावा कसा राहिला कोण जाणे. खाली उतरली तरी पाटी वाचता येत नाही, बसचा नंबर तेवढा कळतो. टॅक्सीत बसायचं तर पत्ता लिहिलेलं कार्ड पुढे करायचं, मुक्यासारखं. नोव्हेंबर संपता संपता थंडी पडली. चीनमध्ये १९५० च्या दशकापासून सरकारी ऊबदार पाण्याचे नळ हुआई नदीच्या उत्तरेकडच्या शहरांतच घातले गेले. शांघाय दक्षिणेला, म्हणून घरात बाहेरच्याइतकाच गारठा. एका रात्री ती म्हणाली, "अहो, मला परत पाठवा. मी इथे माणूसच उरले नाही." मी काय उत्तर देणार?

त्याच आठवड्यात शेजारणीने कामाला एक बाई पाठवली. आठवड्यातून तीन सकाळी, केर-फरशी आणि भांडी. अशा बाईला तिकडे 'आयी' म्हणतात. अर्थ मावशी. आपणही कामाच्या बाईला मावशीच म्हणतो की नाही? पण कानाला तो शब्द जवळजवळ 'आई' असा लागतो, आणि सौ. पहिल्यांदा ऐकून हसली. दोन महिन्यांनी हसली.

आयी आन्हुई प्रांतातल्या खेड्यातली, चाळिशीच्या आतबाहेरची. पहिल्याच दिवशी तिने आमचा फ्रिज उघडून थंड पाण्याची बाटली बाहेर काढली, मान हलवली, आणि पाणी उकळायला ठेवलं. पुढच्या खेपेला ती एक मोठा थर्मास घेऊन आली. तिच्या मते आमच्या सगळ्या दुखण्यांचं मूळ गार पाणी. सौ.ची आजी हेच म्हणायची.

मग ती सौ.ला भाजीबाजारात घेऊन गेली. तिथे कारलं मिळालं, दोडका मिळाला, कोथिंबीर जुडीने मिळाली. बोटांवर आकडे शिकवले. तिथे एका हातावर दहापर्यंत मोजतात: अंगठा आणि करंगळी म्हणजे सहा, अंगठा आणि तर्जनी म्हणजे आठ. वजन 'जिन'मध्ये, म्हणजे अर्धा किलो, आणि त्याचे दहा 'ल्यांग'. पूर्वी सोळा ल्यांगांचा जिन होता, १९५९ साली दहाचा केला. पण 'अर्धा जिन आणि आठ ल्यांग' ही म्हण अजून आहे, दोघेही सारखेच अशा अर्थाची. सोळा छटाकांचा शेर ज्यांनी लहानपणी पाहिलाय त्यांना समजावून सांगायला नको. "आम्ही कांदा-लसूण खातो, मासे-मटण खात नाही" हे सांगणं सर्वांत कठीण होतं. आयीने दोन शब्द पाठ करून घेतले, 'छ्र सू', म्हणजे शाकाहारी. त्यावर आमची तीन वर्षं निभावली.

वसंत आला तोवर सौ. एकटी बाजारात जाऊ लागली. भेटल्यावर तिथली माणसं "जेवलात का?" असंच विचारतात. तीही विचारू लागली.

रविवारी मी नदीकाठच्या बंडवर फिरायला जायचो. तिथल्या १८ नंबरच्या इमारतीत पूर्वी चार्टर्ड बँक ऑफ इंडिया, ऑस्ट्रेलिया अँड चायना होती. तिची मुंबई, कलकत्ता आणि शांघायची शाखा एकाच वर्षी, १८५८ मध्ये, उघडली. त्या काळी या व्यापारात मुख्य माल होता अफू. आणि ती अफू कुठली? बरीचशी आपल्या माळव्यातली. होळकर-शिंद्यांच्या मुलखातून मुंबईला, तिथून चीनला. इंदूर-उज्जैनकडच्या वाचकांनी रागावू नये, पण हे हिशेबाच्या वहीत आहे. पुढे इंग्रजांनी शांघायच्या वसाहतीत शीख पोलीस आणले. त्यांच्यासाठी तिथल्या लोकांनी जो हेटाळणीचा शब्द काढला, तो अजून कधीमधी आपल्या लोकांच्या पाठीमागे ऐकू येतो. आपण कोणाच्या मागून आलो आहोत, हे परक्या गावात ठाऊक असलेलं बरं.

पण तिसरीही एक आठवण आहे. आमच्या इमारतीत एक निवृत्त मास्तर होते. मी भारतातला आहे कळल्यावर त्यांनी लिफ्टमध्येच 'आवारा' सिनेमाची चाल गुणगुणली, आणि मग गंभीर होऊन म्हणाले, "के दिहुआ." मला कळेना. त्यांनी तळहातावर इंजेक्शन दिल्याची खूण केली. डॉ. कोटणीस!

सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. पाच डॉक्टर होते, त्यांत नागपूरचे डॉ. चोळकरही. वय कोटणीसांचं अठ्ठावीससुद्धा पुरं नव्हतं. वडील गेल्याची बातमी त्यांना तिकडेच कळली. ते परतले नाहीत. शाळेत आम्ही त्यांचा त्याग शिकलो, शांतारामबापूंचा १९४६ चा सिनेमाही पाहिला. पण शांघायमध्ये राहू लागल्यावर मला त्यांच्या चरित्रातली दुसरीच गोष्ट मोठी वाटू लागली. हा माणूस थोड्या काळात चिनी बोलायला, वाचायला, लिहायला शिकला, आणि त्या भाषेत विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवू लागला. मी तीन वर्षांत भाजीबाजारापुरता शिकलो, म्हणून सांगतो, हे सोपं नव्हे. १९४१ मध्ये ते बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, त्याच वर्षी परिचारिकांना शिकवणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं. मुलाचं नाव इनहुआ ठेवलं. 'इन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. मूल साडेतीन महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ ला, कोटणीस गेले. वय ३२.

वडील गेले आणि परतले नाहीत, हे वाक्य मी अनेकदा वाचलं होतं. २००८ च्या जानेवारीत ते माझ्या अंगावर आलं.

त्या महिन्यात चीनमध्ये फार मोठा बर्फ पडला. रेल्वे अडल्या, विमानं अडली. आणि नेमका भावाचा फोन आला, आई गेली. आम्ही बडोद्याला पोचलो तो तिसरा दिवस होता. अग्नी भावाने दिला होता. तेरावा करून परतलो. भांडायला कोणी नव्हतं, म्हणून मी स्वतःशीच भांडत होतो. कोटणीसांकडे युद्ध होतं, जखमी सैनिक होते. माझ्याकडे काय होतं? बढतीचं एक पत्र.

आम्ही परतलो त्या दिवशी आयी आली. चिनी नववर्षाला ती दर साल गावी जायची, त्या वर्षी बर्फामुळे जाऊच शकली नव्हती. तिने माझ्याकडे पाहून एवढंच विचारलं, "मामा?" चिनीत मामा म्हणजे आई. मी मान हलवली. तिने पाणी उकळलं, पेला माझ्यापुढे ठेवला, आणि मग स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून स्वतःच रडायला लागली. सौ. तिच्याजवळ जाऊन बसली. तेव्हा प्रथम कळलं की तिला नऊ वर्षांचा मुलगा आहे, आजीपाशी गावी असतो, आणि तिने त्याला बरेच दिवस पाहिलेलं नाही.

"इकडे का आणत नाही?" मी दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या त्या मुलीला विचारलं. तिने समजावलं. चीनमध्ये १९५८ पासून प्रत्येकाची नोंद, 'हुखोउ', जन्मगावाशी बांधलेली. शांघायात वर्षानुवर्षं राबलं तरी नोंद खेड्याची ती खेड्याचीच, आणि मुलाची शाळा त्या नोंदीवर अडते. आयी त्या शहरात दहा वर्षं होती. मला, परक्या देशाच्या माणसाला, तीस दिवसांत परवाना मिळाला होता. मंडळी, तो पासपोर्ट मी त्या रात्री पुन्हा काढून पाहिला. आमच्या वडिलांच्या पिढीला सयाजीराव महाराजांच्या १९०६ च्या कायद्याने बडोद्याच्या शाळेत बसवलं, तेव्हा मूळ गाव कोणतं हे कोणी विचारलं नव्हतं.

आम्ही काही मोठं केलं नाही. तिचा पगार वाढवला, आणि पुढच्या नववर्षाला तिला महिनाभर आधी सुट्टी दिली. ती गेली, आणि मग कळवलं की आता परत येणार नाही, मुलगा मोठा होतोय. आमच्याआधी तिनेच शांघाय सोडलं.

२००९ मध्ये निघण्यापूर्वी मी शिच्याच्वांगला जाऊन आलो. हुतात्म्यांच्या त्या उद्यानात डॉ. बेथ्यून आणि डॉ. कोटणीस दोघांची समाधी आहे. कोणीतरी ताजी फुलं ठेवली होती. मी चपला काढल्या, नमस्कार केला, आणि आईचंही स्मरण केलं.

आयीचा थर्मास आमच्या बडोद्याच्या स्वयंपाकघरात अजून आहे. सौ. रोज त्यात पाणी भरते.

आपल्या घराण्यांच्या इतिहासात सरदार असतात, सनदा असतात. पण आपल्या पहिल्या बाईला पहिल्या वर्षी बाजारात घेऊन जाणारी, आपली भाषा न कळणारी कोणीतरी शेजारीणही असलीच पाहिजे. गुजरातची, माळव्याची, कर्नाटकाची. तिच्यावाचून आपण टिकलो नसतो. तुमच्यापैकी कोणाच्या घरात तिची आठवण राहिली असेल, तर जरूर सांगा. आमच्या घरात राहिली नाही, याचं आता वाईट वाटतं.