यकृत प्रत्यारोपणानंतर मूळ आजाराचे पुनरागमन

निकामी यकृत काढून निरोगी यकृत बसवले की आजार समूळ गेला, असा समज रुग्ण व कुटुंबीयांचा होणे स्वाभाविक आहे. विल्सनच्या आजारासारख्या काही आनुवंशिक विकारांत तो खराही ठरतो, कारण तेथे दोष यकृतातच असतो. स्वयंप्रतिरक्षा विकारांत मात्र हल्ला करणारी रोगप्रतिकार यंत्रणा रुग्णाच्याच शरीरात कायम राहते. त्यामुळे काही रुग्णांत नवे यकृतही त्याच आजाराला बळी पडते.

तीन प्रमुख विकार

ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये यकृताच्या पेशींवर, प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिसमध्ये यकृतातील सूक्ष्म पित्तनलिकांवर, तर प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिसमध्ये लहानमोठ्या पित्तनलिकांवर आघात होतो. प्रत्यारोपणानंतर यांपैकी दुसरा विकार परतल्याची नोंद ब्रिटिश डॉक्टरांनी 1982 मध्ये केली. निरनिराळ्या रुग्णालयांच्या अनुभवानुसार आकडे बदलतात. तरी या तिन्ही विकारांत ढोबळमानाने चार-पाच रुग्णांमागे एकाला पुनरागमनाला सामोरे जावे लागते आणि काळ लोटतो तसे हे प्रमाण वाढते.

निदान

प्रारंभी बहुधा कोणतेही लक्षण नसते. नियमित रक्ततपासणीत यकृताची एन्झाइम्स वाढलेली आढळतात. थकवा, अंगाला खाज किंवा कावीळ ही लक्षणे मागाहून येतात. शरीराने नवा अवयव नाकारणे, विषाणुसंसर्ग, औषधांचा दुष्परिणाम किंवा यकृताच्या धमनीतील अडथळा यांतही असेच चित्र दिसू शकते. म्हणून बायोप्सी करून यकृताचा सूक्ष्म तुकडा तपासावा लागतो. पित्तनलिकांसाठी एमआरआय पद्धतीची प्रतिमा घेतली जाते. केवळ रक्तातील प्रतिपिंडांवर विसंबता येत नाही, कारण आजार परतला नसतानाही ती प्रत्यारोपणानंतर टिकून राहू शकतात.

उपचार

ऑटोइम्यून हिपॅटायटिस परतल्यास स्टिरॉइडची मात्रा वाढवणे किंवा ते पुन्हा सुरू करणे, जोडीला अझाथायोप्रिन देणे हा रुळलेला मार्ग आहे. प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस बहुधा मंद गतीने वाढतो; त्यावर अर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल दिले जाते. प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिसला रोखणारे खात्रीचे औषध अद्याप नाही. आकसलेल्या नलिका एन्डोस्कोपीने रुंद करता येतात. तरीही काहींना दुसऱ्या प्रत्यारोपणाची गरज भासते. या विकाराच्या अनेक रुग्णांना मोठ्या आतड्याचा दाह असतो, म्हणून आतड्याची कोलोनोस्कोपीही नियमित करावी लागते.

कुटुंबीयांनी जाणून घ्यावे असे

भारतात अनेक प्रत्यारोपणांत यकृताचा भाग घरातील व्यक्तीच देते. आजार परतला की 'माझेच यकृत कमी पडले का' ही खंत दात्याला आणि 'दिलेले दान मी राखू शकलो नाही' ही खंत रुग्णाला छळते. दोन्ही निराधार आहेत. पथ्य व औषधे काटेकोर पाळणाऱ्यांतही आजार परततो.

तरीही औषधांतील खंड धोक्याचाच. बरे वाटू लागल्यावर, खर्चापायी किंवा दुष्परिणामांच्या भीतीने गोळ्या परस्पर थांबवल्यास अवयव नाकारला जाण्याची शक्यताही वाढते. सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस यांसारख्या औषधांची मात्रा रक्तातील पातळी पाहून ठरते. ती अधिक झाल्यास संसर्ग व मूत्रपिंडाची हानी, कमी झाल्यास यकृताला धोका. काविळीवरील जडीबुटी वा अन्य औषध प्रत्यारोपण तज्ज्ञांना विचारल्याविना घेऊ नये.

प्रत्यारोपण दूरच्या शहरात झाले असल्यास मूळ आजाराचे नाव, जुना बायोप्सी अहवाल आणि औषधांची यादी यांची प्रत स्थानिक डॉक्टरांकडेही असावी. वर्षांनंतर एन्झाइम्स वाढली, तर शोध कोठून सुरू करायचा हे त्याच कागदांवरून ठरते.