प्रक्रियक, कुलूपबंद व मुक्त
संगणकातील सूक्ष्मप्रक्रियकाचा वेग मूळ कंप्रता व गुणक यांच्या गुणाकाराने ठरतो. गुणक कारखान्यातच कायम केलेला प्रक्रियक कुलूपबंद, तर ग्राहकास तो वाढविता येणारा मुक्त होय. पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांच्या नेतृत्वाखाली इंटेलने विकसित केलेला पेंटियम १९९३ मध्ये आला. त्याच्या पुढील आवृत्त्यांत गुणक मदरबोर्डवर निवडता येई. सुमारे ६६ मेगॅहर्ट्झची दुप्पट १३३, अडीचपट १६६. त्यामुळे १३३ चा प्रक्रियक नवी अक्षरे छापून १६६ चा म्हणून विकणारे व्यापारी निपजले. अशा फसवणुकीस कुलपाने आळा बसला खरा. परंतु तेच कुलूप पुढे किंमतभेदाचे साधन बनले. २०१० पासून इंटेलने मुक्त गुणकाचे ‘के’ प्रकार वेगळे विकले. एएमडीचे २०१७ मधील पहिले डेस्कटॉप रायझेन मात्र सर्वच मुक्त होते.