कमोडोर ६४ ची फ्लॉपी ड्राइव्ह वाचत नाहीये? बिघाड असा शोधा

मोबाइलमध्ये 'सेव्ह'साठी जे चौकोनी चिन्ह दिसतं ती साडेतीन इंची फ्लॉपी. आज तिच्या मोठ्या बहिणीबद्दल, म्हणजे सव्वापाच इंची फ्लॉपीबद्दल बोलूया.

मी सध्या कामानिमित्त जर्मनीत राहतो. आमच्या बिल्डिंगमधल्या एका आजोबांनी मला त्यांचा जुना कमोडोर ६४, त्याची १५४१ ड्राइव्ह आणि फ्लॉप्यांचा एक डबा दिला. म्हणाले, "यातल्या एका फ्लॉपीवर माझ्या मुलीने शाळेत असताना लिहिलेला गेम आहे. निघाला तर बघ." त्या गेमची दुसरी कॉपी कुठेच नव्हती. ड्राइव्ह मात्र एकही फ्लॉपी वाचायला तयार नव्हती.

आधी ओळख

कमोडोर ६४ आला १९८२ मध्ये. १५४१ ही त्याची वेगळी, बाहेरून जोडायची ड्राइव्ह. गंमत म्हणजे या ड्राइव्हमध्ये स्वतःचा ६५०२ प्रोसेसर आणि २ केबी रॅम आहे, म्हणजे तो एक छोटा कॉम्प्युटरच. फ्लॉपीच्या एका बाजूला ३५ ट्रॅक आणि ६८३ सेक्टर, प्रत्येक सेक्टर २५६ बाइटचा. एकूण साधारण १७० केबी. तुमच्या फोनमधला एक फोटो यापेक्षा बराच मोठा असतो.

पहिला नियम: महत्त्वाची फ्लॉपी लांब ठेवा

इथे माझी चूक सांगतो. मी ड्राइव्ह न उघडता डब्यातली एक गेमची फ्लॉपी सरळ आत घातली. बाहेर काढली तेव्हा तिच्यावर गोल ओरखडा उमटला होता. हेडवर जुनी बुरशी आणि घाण साठली होती, ती चकतीवर घासली गेली. ओरखड्याखालचा डेटा कायमचा गेला. नशीब, ती मुलीची फ्लॉपी नव्हती.

म्हणून टेस्टिंगसाठी गेली तरी चालेल अशीच फ्लॉपी वापरा. प्रत्येक फ्लॉपीच्या लांबट खिडकीतून चकती नीट बघा. पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी असते. अशी फ्लॉपी साफ केल्याशिवाय आत घालायची नाही.

पायरी १: चालू करताना काय होतं ते बघा

चालू केल्यावर लाल दिवा लागतो, मोटर थोडा वेळ फिरते आणि मग दोन्ही थांबतात. हिरवा दिवा चालूच राहतो. हे नॉर्मल आहे.

- एकही दिवा नाही: फ्यूज किंवा पॉवरचा भाग बघा.
- मोटर थांबतच नाही, लाल दिवा विझत नाही: ड्राइव्हचा कॉम्प्युटरच सुरू होत नाहीये. संशय रॉम किंवा प्रोसेसरवर.
- लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, थांबतो, परत लुकलुकतो: ड्राइव्हच्या सेल्फ टेस्टमध्ये रॅम किंवा रॉम नापास झालीये.
- सगळं ठीक, पण स्क्रीनवर 'डिव्हाइस नॉट प्रेझेंट': केबल किंवा ड्राइव्हचा नंबर तपासा. नंबर सहसा ८ असतो.

केबल काढताना-लावताना दोन्ही मशीन बंदच हवीत. चालू असताना केबल ओढली तर कॉम्प्युटरमधली चिप उडू शकते.

पायरी २: एरर नंबर वाचा

लोड करताना लाल दिवा लुकलुकला की ड्राइव्हकडे एरर तयार असतो. तो वाचायला १५ नंबरचं चॅनेल उघडणारा तीन-चार ओळींचा बेसिक प्रोग्राम लिहावा लागतो. ओळींना नंबर द्यायला विसरू नका, कारण इनपुटची ही कमांड थेट टाइप करून चालत नाही.

- ७३: चालू केल्यावरचा नेहमीचा संदेश. हा एरर नाही.
- ७४: ड्राइव्ह तयार नाही, बहुतेक वेळा फ्लॉपीच नाही.
- ६२: फाइल सापडली नाही. नाव तपासा.
- २६: फ्लॉपीवर लिहायला बंदी आहे.
- २१: सिंक खूणच सापडत नाही. कोरी फ्लॉपी, घाण हेड किंवा सरकलेलं हेड.
- २० आणि २२: ब्लॉकची सुरुवात किंवा त्यातला डेटा सापडत नाही.
- २३ आणि २७: वाचलं, पण चेकसम जुळत नाही.

मला २१ येत होता.

पायरी ३: हेड साफ करा

प्लग भिंतीतूनच काढा. या ड्राइव्हच्या आत ट्रान्सफॉर्मर आहे, म्हणजे २३० व्होल्ट आत येतात. कव्हर काढल्यावर खालच्या बाजूला छोटं हेड दिसतं आणि वरच्या दांड्यावर नमद्याची गादी असते. कापसाच्या काडीवर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेड हलक्या हाताने पुसा. गादीला लावू नका. काडी स्वच्छ निघेपर्यंत पुसायचं. माझ्या पहिल्या तीन काड्या तपकिरी निघाल्या.

हेड ज्या दांड्यांवरून सरकतं त्यावरचं घट्ट झालेलं जुनं ग्रीसही पुसा.

पायरी ४: वेग तपासा

चकती मिनिटाला ३०० फेरे फिरायला हवी, म्हणजे सेकंदाला ५. सुरुवातीच्या १५४१ मध्ये रबरी पट्टा आहे आणि तो सैल पडतो. खालच्या चाकावर ५० आणि ६० हर्ट्झच्या पट्ट्या छापलेल्या असतात. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली आपल्या वीजपुरवठ्याच्या पट्ट्या स्थिर दिसल्या की वेग बरोबर.

तशी ट्यूब माझ्याकडे नव्हती. मग चाकावर पांढरी खूण केली आणि फोनवर २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ काढला. एका फेऱ्याला ४८ फ्रेम लागायला हव्यात, माझ्याकडे ५० लागत होत्या. पट्टा बदलला, काम झालं. वेगासाठी बारीक स्क्रूही असतो, पण आधी पट्टा बघा. हे काम उघड्या, चालू मशीनवर करायचं आहे, त्यामुळे मागच्या पॉवरच्या भागाला हात लावू नका. सवय नसेल तर जाणकार माणूस सोबत घ्या.

पायरी ५: अलाइनमेंट, अगदी शेवटी

या ड्राइव्हमध्ये हेड शून्यावर आलंय हे सांगणारा सेन्सर नाही. म्हणून ती हेड टोकापर्यंत नेऊन आपटते, आणि तो प्रसिद्ध 'खडखड' आवाज येतो. आपटून आणि तापून हेड जागेवरून सरकू शकतं.

ओळखायची सोपी युक्ती: ड्राइव्ह स्वतः फॉरमॅट केलेली फ्लॉपी नीट वाचते, पण दुसरीकडची वाचत नाही? मग अलाइनमेंट गेलीये. स्टेपर मोटरचे स्क्रू सैल करण्याआधी मूळ जागेवर पेन्सिलने खूण करा, नाहीतर परतीचा रस्ता राहणार नाही. माझ्यावर ही वेळ आली नाही.

वाचली की लगेच कॉपी

टेस्टच्या तीन फ्लॉप्या नीट वाचल्या, तेव्हाच मी मुलीची फ्लॉपी घातली. 'झूमफ्लॉपी' नावाच्या यूएसबी अडॅप्टरने ड्राइव्ह लॅपटॉपला जोडून पूर्ण फ्लॉपीची डी६४ इमेज काढली. दोन सेक्टर पहिल्यांदा २३ देत होते. हेड परत पुसलं, तिसऱ्या प्रयत्नात तेही आले. एरर आला म्हणून लगेच हार मानू नका, पण तीच फ्लॉपी शंभरदा फिरवूही नका. मध्ये हेड तपासत राहा.

ती फाइल आजोबांना दिली, त्यांनी मुलीला पाठवली. आता त्यांची नात तो गेम एम्युलेटरमध्ये खेळते आणि सारखी हरते म्हणे.

तुमच्या घरीही जुन्या फ्लॉप्या असतील तर मशीन मिळायची वाट बघताना त्या कोरड्या जागी, स्पीकरच्या चुंबकापासून लांब आणि उभ्या ठेवा. आणि ड्राइव्ह मिळाली की आधी ती उघडून हेड बघा, फ्लॉपी नंतर.