डोक्यावरचे पत्रे



"इतिहासावर काहीतरी लिही," असं आमच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. मी कॉम्प्युटर इंजिनीअर, दहा-बारा वर्षं लोकांचे सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळतोय. शाळेत सनावळ्या कधी पाठ झाल्या नाहीत. पण गेल्या हिवाळ्यात वफ्राला एक प्रसंग घडला आणि मी आपण होऊन सनावळ्यांच्या मागे लागलो. तोच हा लेख.

वफ्रा म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना सुट्टीची सहल आठवते. शेतं, ताजी काकडी, टोमॅटो, कोथिंबिरीच्या जुड्या! पण वफ्राची दुसरी ओळख तेलाची. १९२२ च्या उकैर करारानं कुवेत आणि सौदीच्या मधला हा पट्टा 'न्यूट्रल झोन' ठरला, आणि १९५३ मध्ये वफ्रात तेल लागलं. २०१५ साली इथलं उत्पादन बंद पडलं, ते २०२० मध्ये परत सुरू झालं. त्या भागातल्या एका जुन्या ऑफिसात नवीन केबल टाकायचं काम माझ्याकडे आलं होतं.

माझा प्लॅन सरळ होता. मागच्या भिंतीचा वरचा भाग करड्या सिमेंटच्या पत्र्यांचा होता. त्याला चार भोकं पाडायची, केबल आत घ्यायची, विषय संपला. तेवढ्यात सेफ्टी ऑफिसरनं हात वर केला. तुकडा लॅबला जाईल, रिपोर्ट येईपर्यंत ड्रिल नाही! रिपोर्ट आला: अ‍ॅसबेस्टॉस. माझं काम दोन आठवडे लटकलं. मी अर्थातच वैतागलो.

मग पत्रे काढणारी टीम आली. पायापासून डोक्यापर्यंत पांढरे सूट, तोंडावर फिल्टरचे मास्क. आधी पाण्याचा बारीक फवारा. मग नट ढिले करून प्रत्येक पत्रा अख्खाच्या अख्खा खाली. जाड प्लॅस्टिकमध्ये दोनदा गुंडाळायचा, चिकटपट्टी, वर लेबल. जेवणाच्या सुट्टीत त्यातला एकजण मला फोनवर मराठी बोलताना ऐकून जवळ आला. दापोलीजवळचा निघाला. गप्पा सुरू झाल्या. म्हणाला, "साहेब, गावाला आमच्या घरावर हेच पत्रे होते. निसर्ग वादळात फुटले सगळे. आईनं खराट्यानं अंगण झाडलं, तुकडे आम्ही हातानं गोळा केले आणि पडवीत भर घातली. इथं ट्रेनिंगमध्ये फोटो दाखवले, तेव्हा कळलं काय होतं ते."

मी विचारलं, "आईला सांगितलंत?"

"काय सांगू?" तो म्हणाला.

त्या रात्री मी वाचायला बसलो.

अ‍ॅसबेस्टॉस हा कुठल्या कारखान्यात शोधलेला पदार्थ नाही. तो खाणीतून निघणारा, तंतूंचा बनलेला दगड आहे. नाव ग्रीक, अर्थ साधारण 'न विझणारं'. मार्को पोलोनंही आगीत न जळणाऱ्या अशा कापडाबद्दल लिहून ठेवलंय. खरी क्रांती झाली ती १९०१ साली. ऑस्ट्रियाच्या लुडविग हात्शेक यांनी सिमेंटमध्ये हे तंतू मिसळून पातळ, मजबूत पत्रा करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. गंजत नाही, जळत नाही, वाळवी लागत नाही आणि स्वस्त! जगभर गोदामं, शाळा, रेल्वेच्या शेड यांवर तो चढला.

पण याचा धोका लोकांना उशिरा कळला, असं मला वाटायचं. ते साफ चूक आहे. १८९८ मध्येच इंग्लंडच्या महिला फॅक्टरी इन्स्पेक्टरांनी या धुळीविरुद्ध सरकारी अहवालात लिहिलं होतं. लंडनचे डॉ. माँटेग्यू मरे यांनी १९०६ साली सरकारी समितीपुढे आपल्या एका रोग्याची हकीकत सांगितली. त्याच्या खात्यात दहाजण होते, त्यांतला तो एकटाच उरला होता. मग तोही गेला. १९२४ मध्ये रॉचडेल गावात नेली केरशॉ ही गिरणी कामगार बाई अवघ्या तेहतिसाव्या वर्षी वारली. कारखान्यानं जबाबदारी झटकली, पैसेही दिले नाहीत. १९२७ ला या रोगाला 'अ‍ॅसबेस्टॉसिस' हे नाव मिळालं. १९३० च्या सरकारी पाहणीत तपासलेल्या ३६३ कामगारांपैकी सुमारे चौथा हिस्सा आजारी निघाला. त्यावर १९३१ मध्ये ब्रिटननं धूळ आवरण्याचे नियम केले.

आता पुढचं साल बघा. नेली ज्यांच्या गिरणीत कामाला होती त्या टर्नर अँड न्यूऑल समूहाच्या भारतीय कंपनीनं १९३४ मध्ये कैमोरला (आजचा मध्य प्रदेश) पत्र्यांचा कारखाना काढला. १९३७ मध्ये दुसरा, आपल्या मुलुंडला! म्हणजे तिकडे नियम झाल्यावर तीन वर्षांत पत्र्याचा कारखाना आपल्याकडे आला. माहिती मात्र बोटीत चढलीच नाही. नंतर ब्रेक लायनिंग, अ‍ॅसबेस्टॉसचं कापड असे उद्योगही मुंबईत वाढले. मुंबईच्या अशाच एका गिरणीतल्या कामगारांची तपासणी २००५ साली प्रसिद्ध झाली. दर पाचांमागे साधारण एकाला अ‍ॅसबेस्टॉसिस होता.

आपल्या सुप्रीम कोर्टानं २७ जानेवारी १९९५ ला एक महत्त्वाचा निकाल दिला. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर कोर्टानं सांगितलं, की कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांत जे नंतर येईल तोपर्यंत ठेवायची. चाळीस वर्षं कशाला? कारण हा रोग तसाच आहे. केसापेक्षा कितीतरी बारीक तंतू श्वासातून फुप्फुसात जातो, शरीराला तो विरघळवता येत नाही, आणि वीस, तीस, चाळीस वर्षांनी धाप किंवा कॅन्सर होऊन समोर येतो. आमच्या भाषेत सांगायचं तर आज केलेली चूक, एरर चाळीस वर्षांनी! तोपर्यंत तंतू कुठला आणि खोकला कुठला, कोण जोडणार?

ब्रिटननं १९९९ मध्ये पूर्ण बंदी घातली. बंदी असलेल्या देशांत आपलं कुवेतही आहे. भारतात मात्र पांढरा अ‍ॅसबेस्टॉस अजून आयात होतो आणि त्याचे पत्रेही विकले जातात.

आता घाबरायचं किती? चांगल्या स्थितीतला पत्रा डोक्यावर आहे म्हणून झोप उडवून घ्यायची गरज नाही. त्यात अ‍ॅसबेस्टॉस साधारण दहा टक्के असतो आणि तो सिमेंटनं घट्ट धरलेला असतो. धोका असतो तो धुळीत. जुन्या सॉफ्टवेअरचा नियम इथेही लागू आहे: नीट चालतंय ना, मग उगाच हात लावू नका. भोकं पाडू नका, करवत चालवू नका, तारेच्या ब्रशनं शेवाळ खरवडू नका, जोराच्या पाण्यानं धुऊ नका. नुसतं बघून ओळखता येत नाही. हल्ली अ‍ॅसबेस्टॉस नसलेले पत्रेही मिळतात. म्हणून जुना पत्रा हा अ‍ॅसबेस्टॉसचाच धरून चाला.

काढावाच लागला तर माहीतगार माणसांकडून. पत्रा ओला ठेवून, नट काढून अख्खा उतरवायचा. रुमाल किंवा साधा कापडी मास्क इथे चालत नाही. फुटलाच तर कोरडा खराटा किंवा घरातला व्हॅक्यूम नको. ओल्या फडक्यानं पुसायचं आणि फडकंही प्लॅस्टिकमध्ये बांधून टाकायचं. कामाचे कपडे घरच्या धुण्यात घालायचे नाहीत. तुकड्यांची भर घालायची नाही. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचरा पुरायची सोय आहे. आपल्या भागातलं काय, ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑफिसात विचारता येतं.

हे सगळं वाचून झालं आणि मला एकदम बाबा आठवले. आमच्या सातारकडच्या घराच्या पडवीवर आजोबांनी १९७८ साली हौसेनं घातलेले पत्रे आहेत. बाबा फोनवर म्हणाले होते, "यंदा उतरवतो, गल्लीतली पोरं येतील घण घेऊन. तुकडे अंगणात भर म्हणून होतील." तेव्हा मी "बरं बरं" म्हणून फोन ठेवला होता!

दुसऱ्या दिवशी फोन केला. बाबा म्हणाले, "अरे, चाळीस वर्षं त्याखाली झोपलोय. काय झालं मला?"

"बाबा, झोपलात ते ठीक. पण घण घालू नका."

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि ती पोरं?"

मला जे सांगायला अर्धा तास लागला असता, ते त्यांनी तीन शब्दांत विचारलं. घण रद्द झाला. पत्रे अजून जागेवर आहेत. जानेवारीत मी जाईन, माहितीतला माणूस शोधून नीट उतरवून घेऊ.

त्या दापोलीकरानंही मध्यंतरी मेसेज केला. पडवीत भर घातली होती त्यावर भावानं कोबा करून घेतला. तुकडे उकरून काढण्यापेक्षा ते बंद झाले, हे बरंच. आईला अजून सांगितलेलं नाही म्हणाला, सुट्टीत गेल्यावर समोर बसून सांगेन.

मंडळी, दिवाळीच्या निमित्तानं आपण सगळेच घरी फोन करणार. फराळाची चौकशी होईल, किल्ला झाला का विचारू. त्यातच एक प्रश्न घाला: "आपल्या घरावर पत्रे कुठले आहेत, आणि ते कुणी तोडायला तर काढले नाहीत ना?" पत्र्याचा कारखाना आपल्याकडे १९३४ ला पोचला. माहिती निदान या दिवाळीला पोचू दे.

सर्वांना शुभ दीपावली!