पऱ्हाटी, पाचोळा आणि जमिनीचे देणे

आपल्या जालना जिल्ह्यातले काळे रान पाहिले म्हणजे परक्याला वाटते, केवढी सकस जमीन ही! पण काळा रंग हा काही सेंद्रिय द्रव्याचा दाखला नव्हे. आपल्या उन्हात मातीतले कुजके द्रव्य भराभर सरते, आणि आपण ते परत घालतो थोडके.

ही तक्रार जुनी आहे. महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये तिचा नेमका विचार आहे. डोंगरावरच्या पानाफुलांचे, मेलेल्या किड्यांचे सत्त्व पुराबरोबर ओढ्याला जाऊन वाया जाते. तेव्हा पलटणीतल्या, पोलिसांतल्या जादा शिपायांना लावून ताली-बंधारे घालावेत, असे ते सुचवतात.

पुढचा धडा इंदूरचा. तिथे १९२४ साली मुख्यतः कापसाच्या संशोधनासाठी संस्था निघाली. आल्बर्ट हॉवर्ड तिचे प्रमुख. रसायनाचे काम यशवंत वाड पाहत. शेतीतल्या टाकाऊ मालावरचे त्यांचे पुस्तक १९३१ साली दोघांच्या नावे निघाले. जगाने हॉवर्डांना डोक्यावर घेतले. वाडांचे नाव मात्र क्वचितच कोणी घेते.

त्यांची रीत पाहा. पऱ्हाटी-तुराटी कुजायला चिवट, म्हणून ती गाडीवाटेवर पसरायची. बैलगाड्यांच्या चाकांखाली तिचा चुरा होई. मग चुरा, काडीकचरा, शेण, राख आणि गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती थराथराने रचायची, पाणी शिंपडायचे, ढीग अधूनमधून वरखाली करायचा. तीन महिन्यांत खत तयार! थोड्या शेणात पुष्कळ खत, ही त्यातली खुबी. शेण चुलीत जाण्याच्या त्या दिवसांत हे मोठेच होते. दुसरे जळण नसेल तर गोवऱ्या थापणाऱ्या बाईला बोल लावून काय उपयोग? आज बोंडअळीच्या भीतीने बांधावर पऱ्हाटी पेटते, तिथे मात्र बोलावेसे वाटते. ती यंत्राने बारीक करून ढिगात घालता येते.

आता मोसंबीकडे वळू. २०१२-१३च्या दुष्काळात आपल्याकडे बागाच्या बागा वाळल्या. टँकरचे पाणी विकत घेऊन झाडाला घालायचे, आणि उन्हाने ते पळवायचे! अशा वेळी आळ्यात पाचट, भुसा, वाळके गवत अंथरले तर भुई तापत नाही, ओल टिकते, भेगा कमी पडतात. खालचा थर कुजून मातीत मिसळतो तो वेगळाच. थर चार बोटे जाड हवा, पण बुंध्यापासून वीतभर लांब. खोड सतत ओले राहिले की डिंक्या लागलाच म्हणून समजा.

गुरुजींना हे शाळेच्या आवारात दाखवता येईल. दोन वाफे करावेत, एक उघडा, एक झाकलेला. दोन्हींना पाणी सारखे. आठवड्याने मुलांना त्यांत बोट खुपसून पाहू द्यावे.