तंत्रज्ञान व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण : वॉटरटाऊन ते पवई

‘तंत्रज्ञान व्यवस्थापन’ या नावाने पदव्युत्तर पदवी मिळू लागली ती 1981 नंतर. पण ज्या अडचणीतून हा विषय निघाला ती एकोणिसाव्या शतकातल्या कारखान्यांची आहे. यंत्र कसे चालते हे अभियंत्याला ठाऊक असे. ते चालवायला माणसे किती लागतील, माल कितीला पडेल, जुने यंत्र मोडीत केव्हा काढायचे, हे त्याला कोणी शिकवलेले नसे. कुलुपांचा अमेरिकी कारखानदार हेन्री टाउन याने 1886 मध्ये यांत्रिकी अभियंत्यांच्या सभेत निबंध वाचून हीच उणीव बोलून दाखवली. कारखाना चालवणे हे अभियांत्रिकीच्या तोलाचे काम आहे, पण त्याचे ना ग्रंथ आहेत ना अनुभव नोंदवून ठेवायची जागा, असे त्याचे म्हणणे होते.

ती जागा पुढच्या पंचवीस वर्षांत भरू लागली, आणि भरली ती घड्याळाने. फ्रेडरिक टेलरने कामाचे तुकडे पाडून प्रत्येकाला लागणारा वेळ स्टॉपवॉचने मोजायची पद्धत रुळवली. ‘शास्त्रीय व्यवस्थापना’वरचे त्याचे पुस्तक 1911 चे. पेनसिल्व्हेनिया स्टेट कॉलेजात औद्योगिक अभियांत्रिकीचे शिक्षण 1908 च्या सुमारास सुरू झाले होते. मोजले जाणाऱ्यांना मात्र हे शास्त्र मानवले नाही. 1911 च्या ऑगस्टमध्ये बोस्टनजवळच्या वॉटरटाऊन येथील सरकारी शस्त्रागारात साचेकाम करणारे ओतारी घड्याळावरूनच संपावर गेले. प्रकरण संसदेपर्यंत पोचले आणि सरकारी शस्त्रागारांत स्टॉपवॉचला बंदी आली.

वॉटरटाऊनपासून चार्ल्स नदीच्या प्रवाहाबरोबर खाली आले की बोस्टन. तेव्हा मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, याच शहरात होती. तिथे 1914 मध्ये ‘अभियांत्रिकी प्रशासन’ हा पंधराव्या क्रमांकाचा अभ्यासक्रम उघडला. विद्यार्थी अभियांत्रिकीचाच, जोडीला हिशेब, कायदा आणि अर्थशास्त्र. 1925 मध्ये व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी आली. 1931 मध्ये नोकरीत मुरलेल्या अभियंत्यांना वर्षभरासाठी पुन्हा वर्गात आणून बसवण्याची योजना निघाली. तिच्यामागे अल्फ्रेड स्लोन होते, जनरल मोटर्सचे प्रमुख आणि याच संस्थेचे 1895 चे पदवीधर. त्यांच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून 1952 मध्ये औद्योगिक व्यवस्थापनाचे स्वतंत्र विद्यालय उभे राहिले. 1964 मध्ये त्याला स्लोन यांचे नाव मिळाले आणि ‘औद्योगिक’ हा शब्द गळाला. या विद्याशाखेच्या इतिहासात नावे वारंवार बदलत आली आहेत, आणि प्रत्येक बदलातून त्या काळी उद्योगाचे कुठे दुखत होते ते कळते.

एमआयटी महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. पुण्याचे केशव मल्हार भट 1882 मध्येच तिथे शिकायला गेले होते आणि टिळक-आगरकरांच्या वर्तुळातल्या ‘मराठा’ पत्राने 1884 मध्ये त्या संस्थेचा गौरवाने उल्लेख केला होता. शंतनुराव किर्लोस्कर 1926 मध्ये तिथून यांत्रिकी अभियंते होऊन किर्लोस्करवाडीला परतले. त्यांनी घेतला तो यांत्रिकीचा अभ्यासक्रम, पंधरावा नव्हे. कारखाना चालवण्याचे शिक्षण त्या पिढीला घरच्या कारखान्यातच घ्यावे लागले.

मुंबईच्या गिरण्यांत तर व्यवस्थापन जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती होते. माणूस कामावर घेणे, बदलीवाल्याला पाळी देणे, रजा मंजूर करणे, सगळे त्याच्या मर्जीवर. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जपानी कापडाची स्पर्धा वाढली तेव्हा काही मालकांनी ‘सुसूत्रीकरण’ आणले, म्हणजे दोन साचे (माग) सांभाळणाऱ्या विणकराला तीन साचे दिले. सूत चांगले आहे का, खात्यातली दमट हवा बरोबर आहे का, धागा वारंवार का तुटतो, हे प्रश्न आधी सोडवले असते तर तीन साचे कदाचित जमलेही असते. तो क्रम उलटा झाला. 1928 च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार संपावर राहिले आणि त्या संपातच गिरणी कामगार युनियन जन्माला आली. यंत्र, माल आणि माणूस यांचा एकत्र विचार करणारा जाणता मधे नसला की काय होते, याचे मुंबईतले हे सर्वांत महागडे उदाहरण. वॉटरटाऊनच्या ओताऱ्यांना परळच्या साचेवाल्यांचे दुःख वेगळे समजावून सांगावे लागले नसते.

स्वातंत्र्यानंतर हा विषय भारतात आला तो उत्पादकतेच्या नावाने. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे तज्ज्ञ पथक 1952 मध्ये आले आणि त्याने कापड गिरण्या व अभियांत्रिकी कारखान्यांत काम केले. नवी यंत्रसामग्री न घेता, कामाची मांडणी आणि हालचाली बदलून उत्पादन वाढवता येते हे दाखवण्यावर पथकाचा भर होता. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाला हे पटण्यासारखे होते. कामगार संघटनेला विश्वासात घेतल्याशिवाय घड्याळ बाहेर काढायचे नाही, हा धडाही त्यात होता. श्रम संघटनेचे ‘वर्क स्टडी’वरचे पाठ्यपुस्तक 1957 मध्ये निघाले आणि भारतीय कारखान्यांत पुढची अनेक दशके ते वाचले गेले. 1958 मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली.

आता शिकवणाऱ्या संस्था हव्या होत्या. 1961 मध्ये कलकत्ता आणि अहमदाबाद येथे आयआयएम निघाल्या. पहिलीला एमआयटीच्या स्लोन विद्यालयाचे साहाय्य, दुसरीला हार्वर्डचे. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था 1965 ची, तिला स्टॅनफर्डचे. या तिन्ही संस्थांची ओढ एकूण व्यवसाय-व्यवस्थापनाकडे होती. कारखान्याच्या आतला विचार करणारी संस्था त्यांच्या मधल्या काळात, 1963 मध्ये, मुंबईतल्या पवईला उभी राहिली: राष्ट्रीय औद्योगिक अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था, एनआयटीआयई. केंद्र सरकारला तिच्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या विकास-साहाय्यातून श्रम संघटनेमार्फत मदत मिळाली. विहार तलावाकाठच्या टेकडीवर ही संस्था, आणि जवळच 1958 मध्ये युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीने उभी राहिलेली आयआयटी. संयुक्त राष्ट्रांचे आणि सोव्हिएत संघाचे पैसे पवईत शेजारी शेजारी शांतपणे नांदत होते.

पवईच्या संस्थेने सुरुवातीला पदव्या दिल्याच नाहीत. कारखान्यांतून पाठवलेले अधिकारी एकदोन आठवड्यांसाठी येत, कार्य-अभ्यास, साठा नियंत्रण, उत्पादन नियोजन शिकत आणि परत जात. तरुण अभियंत्यांसाठी औद्योगिक अभियांत्रिकीचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम नंतर आला आणि तोच संस्थेची ओळख ठरला. त्याच्या प्रवेशाला अभियांत्रिकीची पदवी सक्तीची होती. वर्गातल्या गणितावर बाजाराचा उतारा म्हणून पुढे ‘मंडी’ हा प्रकारही रुळला: वर्षातून एक दिवस विद्यार्थी शैक्षणिक खेळणी घेऊन मुंबईच्या रस्त्यांवर विकायला उभे राहतात. घासाघीस हा विषय कोणत्याही श्रेयांकात बसत नाही, ही उणीव त्या एका दिवसात थोडीफार भरून निघते.

पवईची संस्था उभी राहत होती त्याच काळात एमआयटीत अभ्यासकांची नजर कारखान्यावरून प्रयोगशाळेकडे वळली होती. डोनाल्ड मार्क्विस यांनी 1962 मध्ये नासाच्या पाठबळावर संशोधन प्रकल्पांचे व्यवस्थापन अभ्यासायला घेतले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या टॉमस ॲलन यांनी अभियंते एकमेकांशी किती बोलतात हे वर्षानुवर्षे मोजले. बसण्याच्या जागांत पन्नासेक मीटरचे अंतर पडले की संवाद जवळजवळ आटतो, आणि बाहेरचे ज्ञान संस्थेत येते ते मोजक्या ‘द्वारपाल’ माणसांकडून, असे त्यांना आढळले. त्यांचे पुस्तक 1977 मध्ये आले. घड्याळाच्या जागी मोजपट्टी आली होती, आणि मोजला जाणारा आता कामगार नव्हता, अभियंता होता. अभियंत्यांनी त्यावर संप केल्याची नोंद नाही.

पदवीला निमित्त झाले जपान. पोलाद, मोटारी आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये अमेरिकी कंपन्या मागे पडू लागल्यावर हार्वर्डचे रॉबर्ट हेज आणि विल्यम ॲबरनाथी यांनी 1980 मधल्या गाजलेल्या लेखात दोष व्यवस्थापकांवरच ठेवला. ताळेबंद वाचता येणारे पण आपल्या मालाचे तंत्र न जाणणारे लोक कंपन्या चालवतात आणि म्हणून लांब पल्ल्याची गुंतवणूक टाळतात, हा त्यांचा आरोप. पुढच्याच वर्षी एमआयटीच्या अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन शाखांनी मिळून वर्षभराचा तंत्रज्ञान व्यवस्थापन अभ्यासक्रम सुरू केला. एडवर्ड रॉबर्ट्स त्याचे प्रमुख प्रवर्तक होते. विद्यार्थी अनुभवी तंत्रज्ञ असत. नव्या तंत्रात केव्हा उतरायचे, ते स्वतः घडवायचे की विकत घ्यायचे, प्रयोगशाळेतले उत्पादनात कसे न्यायचे, हे विषय असत आणि प्रबंध लिहावा लागे. 1987 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने या विषयावर अहवाल काढला, आणि इतर विद्यापीठांनाही विषयाला हात घालायला आधार मिळाला. एमआयटीचा मूळ अभ्यासक्रम पुढे एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला 1931 मध्ये निघालेल्या त्या योजनेत, म्हणजे स्लोन फेलो योजनेत, विलीन झाला.

भारतात प्रश्न वेगळा होता. इथे तंत्र बहुतेक परदेशी सहकार्य करारातून येई: नकाशे, रॉयल्टी, काही वर्षांची मुदत. मुदत संपली की त्याच तंत्राची पुढची आवृत्ती पुन्हा विकत घेतली जाई. 1983 च्या तंत्रज्ञान धोरणाने आयात तंत्र पचवून त्यात भर घालण्यावर बोट ठेवले आणि 1986 च्या कायद्याने तंत्रज्ञान आयातीच्या रकमेवर संशोधन व विकासासाठी 5 टक्के उपकर लावला. त्यामुळे तंत्रज्ञान हस्तांतरण आणि आत्मसातीकरण हे विषय भारतीय अभ्यासक्रमांत अमेरिकी पुस्तकांपेक्षा जास्त जागा घेऊन बसले. 1991 नंतर परवाने गेले, स्पर्धा आली. आयआयटी मुंबईने 1995 मध्ये स्वतःचे व्यवस्थापन विद्यालय काढले. पुढे त्याला माजी विद्यार्थी शैलेश मेहता यांचे नाव देण्यात आले. पवईच्या जुन्या संस्थेतही औद्योगिक व्यवस्थापन, औद्योगिक सुरक्षा व पर्यावरण असे नवे अभ्यासक्रम आले.

पवईच्या संस्थेत आणि आयआयएममध्ये एक गोष्ट मात्र दीर्घकाळ तशीच राहिली. दोन वर्षे शिकून बाहेर पडणाऱ्याच्या हाती पदवी नव्हे, पदविका असे. पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांचा आणि संसदेने तो दिलेल्या संस्थांचा; आयआयएम तेव्हा कायद्याने केवळ नोंदणीकृत सोसायट्या होत्या. नोकरी देणाऱ्यांना फरक पडत नसे, पण परदेशात पीएचडीला अर्ज करणाऱ्याला पदविकेचे वजन समजावून सांगत बसावे लागे. 2017 चा आयआयएम कायदा 31 जानेवारी 2018 पासून लागू झाला आणि त्या संस्थांना पदवीचा अधिकार मिळाला. 2023 च्या ऑगस्टमध्ये संसदेने त्यात दुरुस्ती केली आणि पवईची संस्था एकविसावी आयआयएम, म्हणजे आयआयएम मुंबई झाली. तिथले पदव्युत्तर अभ्यासक्रम आता एमबीएचे आहेत: एक सर्वसाधारण, एक संचालन व पुरवठा साखळीचा, एक शाश्वतता व्यवस्थापनाचा. ‘औद्योगिक अभियांत्रिकी’ हे शब्द संस्थेच्या नावातही नाहीत आणि या पदव्यांच्या नावांतही नाहीत.