अंदरमहालाचा कायदा

झी बांगला वाहिनीवर २०१० साली सुरू झालेली, अनन्या चॅटर्जी यांची प्रमुख भूमिका असलेली ‘सुवर्णलता’ ही मालिका आशापूर्णा देवींच्या १९६७ मधील त्याच नावाच्या कादंबरीवर आधारलेली होती. ‘प्रथम प्रतिश्रुती’ (१९६४), ‘सुवर्णलता’ आणि ‘बकुलकथा’ (१९७४) या कादंबरीत्रयीत आई, मुलगी आणि नात अशा तीन पिढ्या येतात, आणि त्यांच्या आयुष्यांतून बंगाली अंदरमहालाचा, म्हणजे घरातील बायकांच्या राखीव भागाचा, जो इतिहास उभा राहतो तो समाजसुधारणेच्या रूढ इतिहासात क्वचितच आढळतो.

या इतिहासाच्या मुळाशी गौरीदानाची प्रथा आहे. आठ वर्षांच्या मुलीला ‘गौरी’ मानून त्याच वयात तिचे कन्यादान केल्याने पित्याला विशेष पुण्य लाभते, या समजुतीवर ती उभी होती. पहिल्या कादंबरीतील सत्यवती कोलकात्यात आल्यावर मुलीला शिकवण्याचा निर्धार करते. पण सासू तिच्या अपरोक्ष नऊ वर्षांच्या सुवर्णलतेचे लग्न लावून देते, आईला विरोध करण्याचे धैर्य नवऱ्याच्या अंगी नसते, आणि सत्यवती संसार सोडून काशीला निघून जाते. असे लग्न तेव्हा बेकायदेशीर नव्हते, ही बाब नजरेआड होऊ नये. फुलमणी दासी या बालवधूच्या मृत्यूवरून १८९० मध्ये कोलकात्यात चाललेल्या खटल्यानंतर १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला खरा, परंतु त्याने शरीरसंबंधासाठी मुलीच्या वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली. लग्नाच्या वयाला त्याने हातही लावला नाही. तेवढ्यावरूनही कोलकात्यात ‘बंगबासी’ या वृत्तपत्राने आणि पुण्यात टिळकांनी परक्या सरकारच्या हस्तक्षेपाविरुद्ध रान उठवले, तर भांडारकरांनी शास्त्राधारांनीच कायद्याचे समर्थन केले. मुलीच्या लग्नाला चौदा वर्षांची मर्यादा घालणारा शारदा कायदा त्यानंतर अडतीस वर्षांनी, १९२९ मध्ये, संमत झाला.

कायद्याची ही संथ चाल घराच्या उंबऱ्याशी तर थांबतच होती. जमीनदारांच्या वाड्यांत बैठकखाना पुरुषांचा आणि आतला चौक बायकांचा, अशी प्रशस्त विभागणी असे. उत्तर कोलकात्यातील मध्यमवर्गीय घरांत मात्र अंदरमहाल स्वयंपाकघर, जिना आणि गच्ची एवढ्यावर येऊन ठेपला आणि पडद्याचे नियम तसेच राहिले. म्हणूनच दर्जीपाड्यातील नव्या घराला रस्ता दिसेल असा सज्जा असावा, ही सुवर्णलतेची मागणी क्षुल्लक ठरत नाही. नवरा प्रबोध होकार देतो आणि सज्ज्याविना घर बांधून घेतो. या फसवणुकीत कादंबरीकर्तीने एका वर्गाची सगळी मनोवृत्ती पकडली आहे. १९०९ मध्ये जन्मलेल्या आशापूर्णा देवी स्वतः शाळेत गेल्या नव्हत्या, कारण आजीचा मुलींच्या शिक्षणाला विरोध होता, आणि भावांचा अभ्यास कानावर पडता पडता त्यांना अक्षरओळख झाली होती. त्यामुळे सुवर्णलतेची सासू मुक्तकेशी हिचा दरारा त्या बारकाईने रंगवतात, पण तिला खलनायिका करत नाहीत. बायकांवरची हुकमत पुरुषांनी बायकांकडेच सोपवून स्वतःचे हात स्वच्छ ठेवले, हे त्यांना नेमके दिसले होते.

दैनंदिन मालिकेला ही गोष्ट पेलणे अवघड असते. रोजचा भाग चालण्यासाठी एकच घर, ठरावीक माणसे आणि सासू-सुनेचा न संपणारा संघर्ष लागतो, आणि या कादंबरीत हे सारे आयतेच सापडते, त्यामुळे तिचे मालिकेत रूपांतर सोपे वाटते. पण संघर्षाचे ओझे एकट्या मुक्तकेशीवर टाकले की प्रबोधसारखा नवरा केवळ दुबळा आणि म्हणून जवळजवळ निर्दोष भासू लागतो. आशापूर्णा देवींच्या लेखी मात्र त्याचा दुबळेपणा हाच त्या व्यवस्थेचा सर्वांत भक्कम आधार होता.